प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आतड्यात गाठ कशी तयार होते?

पेशीजाल (धागालेखिका)

अमुक द्रव्य दिलं आणि उंदरांना कर्करोग झाला, एवढं एका वाक्यात सांगून बातम्या मोकळ्या होतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रयोग मी बरीच वर्षं जवळून बघते आहे. स्लाइड वाचणं हेच माझं काम. ते वाक्य वाचलं की दर वेळी वाटतं, सगळं महत्त्वाचं यात गळून गेलं. द्रव्य शरीरात जेमतेम दिवसभर टिकतं आणि रॅटमध्ये (मोठ्या जातीचा उंदीर; लहान जातीचा तो माऊस) गाठ दिसते ती ३०-४० आठवड्यांनी. कर्करोग घडतो तो या मधल्या काळात. म्हणून हा धागा.

आधी जागा बघू. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर वरून पाहिलं तर चाळणीसारखं दिसतं. प्रत्येक भोक म्हणजे खाली उतरणाऱ्या एका अरुंद नळीचं तोंड. या नळीला क्रिप्ट म्हणतात. तळाशी थोड्या मूलपेशी असतात. त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, वाटेत श्लेष्म बनवणाऱ्या किंवा पाणी शोषणाऱ्या पेशी होतात आणि तोंडाशी पोचून गळून पडतात. उंदरात हा प्रवास ३ ते ५ दिवसांचा. म्हणजे वरच्या पेशीच्या डीएनएत बिघाड झाला तरी आठवड्याच्या आत ती शरीराबाहेर गेलेली असते. टिकू शकतो तो तळाच्या मूलपेशीतला बिघाड.

प्रयोगात बहुधा दोनपैकी एक द्रव्य वापरतात, १,२-डायमिथिलहायड्रॅझिन किंवा त्यापासूनच पुढे बनणारं अझॉक्सिमिथेन. रॅटला अझॉक्सिमिथेन साधारणपणे वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा असं दोन आठवडे कातडीखाली टोचतात. ते स्वतः निरुपद्रवीच म्हणावं असं आहे. यकृतातलं सीवायपी२ई१ हे विकर (एन्झाइम) त्याचं मिथिलअझॉक्सिमिथेनॉल करतं, ते फुटतं आणि त्यातून निघालेला मिथिल गट डीएनएला चिकटतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनच्या (जी) सहाव्या स्थानावरच्या ऑक्सिजनवर तो बसला की सर्वांत वाईट, कारण पेशी विभागताना असा ग्वानिन सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी लावतो. पुढच्या विभाजनात जी च्या जागी ए (ॲडेनिन) कायमचा होतो.

यानंतर जे होतं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. इंजेक्शननंतर ६ ते ८ तासांनी आतडं काढून पाहिलं, तर क्रिप्टच्या तळाशी पेशी मरताना दिसतात. आकसलेल्या, केंद्रकाचे तुकडे झालेल्या. हा विषाने केलेला संहार वाटतो, पण बिघडलेल्या पेशी इथे स्वतःहून बाजूला होत असतात. डीएनएतल्या चुकीच्या जोड्या ओळखणारी यंत्रणा शाबूत असेल तर हे मरण नीट होतं. ती यंत्रणा, उदाहरणार्थ एमएसएच२ हे जनुक, काढून टाकलेल्या उंदरांत मिथिल लावणाऱ्या द्रव्यांनंतर पेशी कमी मरतात आणि उत्परिवर्तनं जास्त साचतात. मरायला हवी होती ती पेशी जगली, की पुढचं सगळं शक्य होतं.

अशी एक मूलपेशी शेजारच्या मूलपेशींना हळूहळू मागे सारते आणि एक अख्खा क्रिप्ट तिच्या वंशाचा होतो. क्रिप्ट तळापासून दुभंगून एकाचे दोन होण्याची सोय आतड्यात मुळातच असते. बिघडलेला क्रिप्ट तेच वारंवार करतो. दोनाचे चार, चाराचे आठ. १९८७ मध्ये रंजना बर्ड यांनी कॅनडात उंदराचं आतडं उभं कापून, पसरून, मिथिलीन ब्लूने रंगवलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके दाखवले: मोठे, गडद, जाड भिंतींचे, तोंड गोल नसून फटीसारखं. विकृत क्रिप्टांचे पुंजके. तोवर गाठीची महिनोन्महिने वाट पाहावी लागे. आता काही आठवड्यांतच मोजण्यासारखं काहीतरी हातात आलं.

आणि इथेच मला थांबून सांगायचं आहे. एका रॅटच्या आतड्यात असे शंभरावर पुंजके सापडतात. शेवटी गाठी होतात एक-दोन, फार तर तीन-चार. बाकीचे तसेच राहतात किंवा नाहीसे होतात. त्यामुळे पुंजका दिसला म्हणजे कर्करोग सुरू झाला असं वाचणं मला चुकीचं वाटतं. त्या शंभरातल्या दोघांनाच काय साधलं, हा प्रश्न विचारायला हवा.

---

मुक्ता_९

ताई, खूप छान लिहिलंत. एक शंका. इंजेक्शन कातडीखाली, रूपांतर यकृतात, मग गाठ मोठ्या आतड्यातच का? यकृतात का नाही?

---

पेशीजाल

मुक्ता, यकृतातही होतात. मात्रा आणि प्राण्याची जात बदलली की यकृत, मूत्रपिंड इथेही गाठी मिळतात. पण ड्रकरे आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये डायमिथिलहायड्रॅझिन रॅटना दिलं तेव्हा मोठ्या आतड्याची पसंती इतकी ठळक होती, की आतड्याच्या कर्करोगासाठी हेच प्रारूप रूढ झालं.

या द्रव्यांच्या कुळाची कथा त्याआधीची आहे. गुआम बेटावरच्या लोकांत मज्जासंस्थेचा एक विचित्र आजार फार होता. संशय आला सायकॅड झाडाच्या बियांच्या पिठावर. म्हणून ते पीठ रॅटना खाऊ घातलं गेलं. मेंदूचा आजार शोधायला गेले आणि सापडल्या यकृत, मूत्रपिंड, आतडं यांतल्या गाठी. लाक्वर आणि सहकाऱ्यांचं हे काम १९६३ चं. बियांमधलं द्रव्य सायकॅसिन, म्हणजे मिथिलअझॉक्सिमिथेनॉलला जोडलेली साखर.

पुढचा प्रयोग मला अजून थक्क करतो. आतड्यात एकही जीवाणू नसलेल्या रॅटना सायकॅसिन दिलं तर गाठी झाल्या नाहीत. साखर तोडून विष मोकळं करणारं विकर जीवाणूंकडे होतं. साखरेशिवायचं मिथिलअझॉक्सिमिथेनॉल थेट दिलं, तेव्हा त्याच जंतुमुक्त रॅटनाही गाठी झाल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच थोडं मिळतं. एक वाट पित्ताची: यकृतात बांधलेलं द्रव्य पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथे जीवाणू ते सोडवतात. दुसरी रक्ताची: मिथिलअझॉक्सिमिथेनॉल रक्तातून येतं आणि आतड्याच्या पेशी ते स्वतःच फोडतात. दोन्हींना पुरावे आहेत. त्यात आतड्याच्या मूलपेशी सतत विभागत असतात, त्यामुळे दुरुस्तीला सवड मिळण्याआधी चूक पक्की होते.

---

रसायनी

भर घालतो. ग्वानिनवरचा तो मिथिल गट काढून टाकणारं एमजीएमटी नावाचं प्रथिन प्रत्येक पेशीत थोडंफार असतं. ते मिथिल स्वतःवर घेतं आणि त्यातच खर्ची पडतं. एक रेणू एकदाच वापरता येतो. मात्रा मोठी असली की पेशीतला साठा संपतो. हे प्रथिन जादा बनवणाऱ्या उंदरांत अझॉक्सिमिथेननंतर के-रास या पेशीवाढीच्या जनुकातली जी ची ए होणारी उत्परिवर्तनं कमी दिसतात, आणि ज्यांच्यात ते नाही ते फार लवकर बळी पडतात. सीवायपी२ई१ नसलेल्या उंदरांत तर द्रव्य सक्रियच कमी होतं, त्यामुळे पुंजकेही कमी.

जातीचा फरकही मोठा आहे. ए/जे जातीच्या उंदरांना भरपूर गाठी होतात, एकेआर/जे जातीला तेच द्रव्य देऊनही जवळजवळ होत नाहीत.

---

निळीशाई

धागा वाचनीय, पण पुंजक्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. मी आहारातले घटक तपासणाऱ्या गटात काम करते. ४० आठवडे प्राणी सांभाळायचे तर जागा, माणसं, खर्च, आणि मुख्य म्हणजे प्राण्यांचे हाल, सगळंच वाढतं. ८-१० आठवड्यांत पुंजके मोजून वीस पदार्थांतले तीन पुढे नेता येतात. दुसरं असं की, नुसती संख्या न मोजता चार किंवा जास्त क्रिप्ट असलेले मोठे पुंजके वेगळे मोजले तर शेवटच्या गाठींशी मेळ बराच सुधारतो. पद्धत टाकाऊ नाही.

---

पेशीजाल

टाकाऊ मीही म्हणत नाही. चाळणी परीक्षेसाठी ती हवीच, आणि मोठे पुंजके वेगळे मोजण्याचा मुद्दा अगदी मान्य. माझी तक्रार आहे ती पुंजके निम्मे झाले की "कर्करोग निम्मा झाला" असा निष्कर्ष छापण्याबद्दल.

पुंजक्याचा छेद घेऊन पाहिला की दोन तऱ्हा दिसतात. पहिलीत क्रिप्ट नुसते वाढलेले असतात, पेशी दिसायला बऱ्यापैकी शहाण्या. यांच्यात के-रास जनुकाच्या बाराव्या स्थानावरचं उत्परिवर्तन वारंवार सापडतं, जीजीटी ची जीएटी. दुसऱ्या तऱ्हेत केंद्रकं लांबट, एकावर एक चढलेली, श्लेष्म जवळपास गेलेलं; याला आम्ही डिस्प्लेझिया म्हणतो. यांच्यात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठलेलं दिसतं. निरोगी पेशीत एपीसी आणि सोबतची प्रथिनं बीटा-कॅटेनिनवर फॉस्फेटची खूण करून ते नष्ट करायला पाठवतात. खूण जिथे होते त्या जागा, म्हणजे ३३, ३७, ४१ ही स्थानं आणि शेजारची ३२ आणि ३४, अझॉक्सिमिथेनने बदलतात. मग बीटा-कॅटेनिन नष्ट होत नाही, केंद्रकात जातं आणि "विभागत राहा" हा आदेश बंदच होत नाही.

आता गोची अशी, की २००० साली यामादा आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये बीटा-कॅटेनिन साठलेले असे क्रिप्ट दाखवले, जे वरून पाहिल्यावर विकृत दिसतच नाहीत. मिथिलीन ब्लूच्या मोजणीतून ते निसटतात. २००३ मध्ये कादेर्नी आणि सहकाऱ्यांनी श्लेष्म हरवलेले पुंजके वेगळ्या रंगाने दाखवले. तेही गाठीच्या अधिक जवळचे. म्हणजे जे मोजायला सोपं, त्यात निरुपद्रवी खूप मिसळलेले असतात आणि जे धोक्याचं, त्यातलं काही दिसतच नाही. ८-१० आठवडेच हातात असतील तर निदान श्लेष्म हरवलेले पुंजकेही मोजा, एवढंच माझं म्हणणं.

---

निळीशाई

हे पटलं. आमच्याकडे जपून ठेवलेली आतडी आहेत, ती पुन्हा रंगवता येतील. पुढच्या बैठकीत मांडते.

---

आडवाट

मला वेगळंच विचारायचंय. माझ्या वडिलांचे दोन पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी) कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, काढले, अहवालात "ॲडेनोमा" आहे. हा धागा वाचून काळजी वाढली. उंदरात ४० आठवडे, मग माणसात किती?

---

पेशीजाल

आडवाट, काढले हे फार चांगलं झालं. माणसात ॲडेनोमापासून, म्हणजे अजून कर्करोग न झालेल्या गाठीपासून, कर्करोग व्हायला साधारणपणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि बहुतेक ॲडेनोमा तिथवर पोचतही नाहीत. गाठ ॲडेनोमा असतानाच काढली की तिचा पुढचा प्रवास तिथेच थांबतो. कोलोनोस्कोपीचा सगळा फायदा या मोठ्या मधल्या काळामुळेच आहे. पुढची तपासणी कधी करायची हे पॉलिपचा आकार, संख्या आणि डिस्प्लेझियाची तीव्रता यावर ठरतं. वडिलांच्या डॉक्टरांना ते विचारून लिहून घ्या आणि ती तारीख चुकवू नका. कुटुंबात आणखी कुणाला असा आजार झाला असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा, तुमच्या स्वतःच्या तपासणीचं वयही त्यावर बदलू शकतं.

उंदराचे आठवडे माणसाच्या वर्षांत बसवता येत नाहीत. तिथे भरमसाठ मात्रा एकदम दिलेली असते आणि एका वेळी असंख्य क्रिप्टांना धक्का बसलेला असतो.

---

उत्तररात्र

मात्रेचा विषय निघालाच आहे म्हणून: भाजलेल्या मांसातल्या द्रव्यांबद्दल जे ऐकतो तेही असेच प्रयोग ना?

---

रसायनी

हो. मांस जास्त तापमानाला भाजलं की हेटरोसायक्लिक अमाइन तयार होतात. जपानमध्ये सुगिमुरांच्या गटाने १९७० च्या दशकात ती शोधायला सुरुवात केली. त्यातलं पीएचआयपी १९९१ मध्ये रॅटना आहारातून दिलं, तेव्हा नरांना मोठ्या आतड्याच्या आणि माद्यांना स्तनाच्या गाठी झाल्या. त्या गाठींच्या एपीसी जनुकात सलग जी असलेल्या ठिकाणी एक जी गळाल्याची खूण पुन्हा पुन्हा सापडली. द्रव्य आपली सही मागे ठेवून जातं म्हणा ना. पण आहारात त्याचं प्रमाण होतं दहा लाखात ४०० भाग. माणसाच्या पोटात दिवसाला जातं ते नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅममध्ये.

प्रक्रिया केलेलं मांस २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, टाकलं, ते मुख्यतः माणसांच्या पाहण्यांवरून. रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. हा धोका सापेक्ष आहे, म्हणजे मूळ धोक्याच्या तुलनेत, हे विसरून चालणार नाही.

---

मुक्ता_९

मग शंभरातल्या दोघांना काय साधतं, ते राहिलं की!

---

पेशीजाल

बरोबर पकडलंत. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग पेशीच्या बाहेर आहे.

२००३ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी माऊसमध्ये एक प्रयोग केला. अझॉक्सिमिथेनचं एकच इंजेक्शन, किलोमागे १० मिलिग्रॅम. आठवड्याने पिण्याच्या पाण्यात २ टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, सात दिवस. हा पदार्थ आतड्याचं अस्तर सोलवटून दाह निर्माण करतो. २० आठवड्यांत मोठ्या आतड्यात कर्करोग. त्याच मात्रेचं अझॉक्सिमिथेन एकटं दिलं तर तेवढ्या काळात काही होत नाही. म्हणजे बिघडलेल्या पेशी दोन्हीकडे आहेत. एकीकडे त्या गप्प राहिल्या, दुसरीकडे जखम भरून काढण्याच्या धांदलीत वाढीचे संदेश मिळाले आणि त्यांनी जागा बळकावली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत वर्षानुवर्षांच्या दाहानंतर धोका का वाढतो, हे समजायला या प्रारूपाने फार मदत केली.

ग्रेटन, कारिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच प्रारूपात आयकेके-बीटा हे दाहाच्या साखळीतलं प्रथिन दोन ठिकाणांहून वेगवेगळं काढलं. आतड्याच्या अस्तरपेशींतून काढलं तेव्हा दाह कमी झाला नाही, तरी गाठींची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली, कारण बिघडलेल्या पेशी पुन्हा मरू लागल्या. प्रतिकारशक्तीच्या मायलॉइड पेशींतून काढलं तेव्हा गाठींचा आकार घटला. गाठ सुरू होणं आणि गाठ वाढणं यांचे दोर वेगवेगळ्या पेशींच्या हातात आहेत, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

पित्ताम्लांचंही तसंच. ती एकटी दिली तर गाठी करत नाहीत, कर्करोगजनक द्रव्यानंतर दिली तर गाठी वाढवतात. नारिसावा आणि सहकाऱ्यांचं १९७४ चं काम. आणि जीवाणू: २०१२ मध्ये दाहप्रवण उंदरांत कोलिबॅक्टिन हे डीएनए बिघडवणारं विष बनवणारे ई. कोलाय सोडून अझॉक्सिमिथेन दिलं गेलं. त्याच जीवाणूतून कोलिबॅक्टिनची जनुकं काढली तर दाह तेवढाच राहिला, पण गाठी आणि त्यांचा आत शिरकाव कमी झाला.

---

निळीशाई

उलट बाजूही सांगायला हवी, कारण आमच्या क्षेत्राने यात चटके खाल्लेत. उंदरात जे थांबवतं ते माणसात थांबवेलच असं नाही. गव्हाच्या कोंड्याने बऱ्याच प्राणी-प्रयोगांत गाठी कमी केल्या. माणसांत ॲडेनोमा काढलेल्यांवर मोठी चाचणी झाली, २००० साली निकाल आला: कोंड्याने नवे ॲडेनोमा कमी झाले नाहीत. सेलेकॉक्सिब या दाहरोधक औषधाने १९९८ मध्ये रॅटमधल्या गाठींचं प्रमाण ९३ टक्क्यांनी घटवलं. माणसांतही ॲडेनोमा खरोखर कमी झाले, पण हृदयविकार वाढले, आणि निरोगी माणसाला वर्षानुवर्षं ते औषध देण्याचा विचार मागे पडला. हे धोके ४० आठवड्यांच्या रॅटमध्ये दिसलेच नसते.

---

उत्तररात्र

म्हणजे एवढे प्राणी मारून हाती काय येतं? आरोप नाही करत, खरंच विचारतोय.

---

पेशीजाल

प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हाला रोज पडायला हवा.

या गाठी माणसाच्या रोगाची हुबेहूब नक्कल नाहीत. पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकातली उत्परिवर्तनं त्यांच्यात क्वचित, यकृतात पसरणं दुर्मीळ. माणसात बहुतेक वेळा एपीसी बिघडतं, इथे बीटा-कॅटेनिन. त्यामुळे पसरलेल्या कर्करोगाचं औषध शोधायला हे प्रारूप घेतलं तर प्राणी वाया गेले असंच मी म्हणेन. पण सुरुवात कशी होते, बिघडलेली पेशी मरते का जगते, दाह तिला कधी हात देतो, हे जिवंत आतड्यात, जीवाणू, रक्त, प्रतिकारशक्ती सगळं असताना बघायचं तर आज तरी दुसरी पुरेशी सोय नाही. ऑर्गनॉइड, म्हणजे बशीत वाढवलेले छोटे क्रिप्ट, यांनी पेशीच्या आतले बरेच प्रश्न प्राण्यांशिवाय सोडवता येऊ लागलेत आणि ते प्रश्न तिकडेच न्यायला हवेत.

राहिला हालांचा भाग. गाठीमुळे आतडं अडतं, गुदद्वारातून रक्त जातं, वजन घटतं. वजन किती घटलं की प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं, ते प्रयोगाआधी लिहून ठेवावं लागतं, आणि प्रयोग संपायला दोन आठवडे उरलेत म्हणून ती रेषा पुढे सरकवता येत नाही. माऊसची कोलोनोस्कोपी आता होते. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर काही प्राणी मारून आतडी बघत, आता तोच प्राणी भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासता येतो, त्यामुळे संख्या कमी लागते.

---

मुक्ता_९

एकाच प्राण्यात पुन्हा पुन्हा बघता येतं, तर एखादा ठरावीक पुंजका पुढे गाठ होतो का नाहीसा होतो, हेही कळत असेल?

---

पेशीजाल

गाठीबद्दल कळतं, तिची जागा आणि आकार नोंदवून आठवड्यागणिक वाढ मोजता येते. दोन-तीन क्रिप्टांचा पुंजका मात्र साध्या दुर्बिणीतून खात्रीने ओळखणं अवघड. रंग फवारून आणि जास्त भिंगाची दुर्बीण वापरून प्रयत्न होतात, पण माऊसचं आतडं अरुंद आणि हलतं, परत त्याच जागी पोचणं सोपं नाही. त्यातून या गाठी माऊसमध्ये बहुतेक गुदद्वाराकडच्या टोकाला होतात, एवढी एक सोय आहे. दुर्बीण तिथपर्यंत सहज जाते.